दोन दारांचा हौद : धवळेश्वरमच्या लॉकची अभ्यास सहल



आपल्या भागातील शेतकरी मंडळे दरवर्षी कोठे ना कोठे अभ्यास सहल काढतात. कोणी नाशिककडील द्राक्षबागा पाहून येतात, कोणी जळगावकडील ठिबकवरची केळी. या सहली चांगल्याच आहेत. परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील भात उत्पादकांनी एकदा तरी आपल्याच पाण्याच्या मागोमाग जाऊन ते पुढे कोठे आणि कसे वापरले जाते हे पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

वैनगंगा आणि वर्धा या नद्या चपराळ्याजवळ एकत्र येतात व प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पुढे इंद्रावतीचे पाणी घेऊन गोदावरी भद्राचलमवरून आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री शहरापाशी येते. या शहराला लागूनच धवळेश्वरम आहे. तेथे नदीला आडवे बांधकाम घालून पाणी कालव्यांत वळविले आहे आणि कालव्यांच्या तोंडाशी नावा वर-खाली नेण्यासाठी ‘लॉक’ बांधलेले आहेत. म्हणजे सावली, चामोर्शी किंवा अहेरीच्या शिवारावरून वाहून गेलेले पाणीच तेथे दारादारांतून पायऱ्या उतरते. हे लॉक पाहण्यास एक पूर्ण दिवस पुरतो. त्यापासून आपण काय शिकावे, हे या लेखात पाहू.

लॉक म्हणजे काय?

लॉक म्हणजे दोन दारांमधला पाण्याचा हौद होय. कालव्याची वरची पातळी आणि खालची पातळी यांत दोन-तीन मीटरचा फरक असेल तर नाव तेथून सरळ जाऊ शकत नाही. खाली येताना ती आपटेल आणि वर तर चढणारच नाही. म्हणून त्या ठिकाणी दगडी भिंतींचा एक लांबट हौद बांधतात. त्याच्या वरच्या टोकाला एक दार आणि खालच्या टोकाला एक दार असते. दारांना किंवा भिंतीतील नळांना पाणी सोडण्याच्या लहान झडपा असतात.

खालून वर जाणारी नाव पुढीलप्रमाणे चढते :

१) वरचे दार बंद असते. हौदातील पाणी खालच्या कालव्याच्या पातळीला असते. खालचे दार उघडून नाव आत घेतात.

२) खालचे दार बंद करतात.

३) वरच्या बाजूची झडप उघडतात. वरच्या कालव्यातील पाणी हौदात येऊ लागते आणि पाण्याबरोबर नावही वर उचलली जाते.

४) हौदातील व वरच्या कालव्यातील पाणी समपातळीत आले की वरचे दार उघडते आणि नाव पुढे निघून जाते.

उतरताना हीच कृती उलट क्रमाने होते. यात पंप नाही, इंजिन नाही. पन्नास मणांचा माल केवळ पाण्याच्या पातळीने उचलला जातो. मात्र दोन्ही दारे एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत, हा नियम मोडून चालत नाही. तो मोडला तर वरचे पाणी लोंढ्याने खाली येईल आणि हौद, दारे, नाव यांतले काहीही शिल्लक राहणार नाही.

पातळी सारखी होण्यापूर्वी दार उघडण्याचा प्रयत्न का करू नये, हे हिशेबाने समजते. समजा, दार ६ मीटर रुंद आहे, त्याच्या एका बाजूला २ मीटर खोल पाणी आहे आणि दुसरी बाजू कोरडी आहे. अशा दारावर सुमारे १२ टनांचा दाब येतो. हा दाब माणसांच्या बळाने हटत नाही. मात्र दोन्ही बाजूंचे पाणी समान झाले की तेच दार दोन माणसे दांड्याने ढकलून उघडतात. जुन्या पद्धतीच्या दारांच्या दोन फळ्या चढत्या पाण्याकडे टोक करून मिटतात. त्यामुळे वरच्या पाण्याचा दाब जितका जास्त, तितकी दारे अधिक घट्ट बसतात.

आपल्या मालगुजारी तलावांचे तुडूम ज्यांनी हाताळले आहे त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. तलाव भरलेला असताना खालचे भोक उघडणे किती जड जाते आणि पातळी उतरल्यावर तेच किती सोपे होते, हे आपण जाणतो.

हे लॉक आपल्या जिल्ह्यात येणार होते

ही केवळ परक्या मुलखातील गंमत नाही. गोदावरी व प्राणहितेतून नावा थेट आपल्या भागापर्यंत आणण्याची योजना एके काळी हाती घेतली गेली होती.

धवळेश्वरमचा पहिला बंधारा आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली १८४७ मध्ये सुरू होऊन १८५२ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर कॉटनने वरच्या गोदावरीचा जलमार्ग करण्याचा आग्रह धरला. वऱ्हाड व वर्ध्याकडील कापूस नावांतून प्राणहिता-गोदावरीमार्गे समुद्रावर न्यावा, असा त्यामागील विचार होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला एकाएकी महत्त्व आले. त्यामुळे या योजनेस जोर चढला.

१८६० मध्ये निजामाकडून गोदावरीकाठचा मुलूख इंग्रजांकडे आला होता. त्याचा ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा करण्यात आला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे होते.

नदीच्या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वरच्या अंगाला दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर आपल्या अहेरी तालुक्यातील देवलमरी येथे. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून, खडकाला वळसा देणारा कालवा खोदून, त्यावर लॉक बांधून नावा पार कराव्यात अशी आखणी होती. दुम्मागुडेमला बंधारा, कालवा व लॉक यांचे काम झाले. वरच्या दोन अडथळ्यांची कामे मात्र तडीस गेली नाहीत. १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले.

योजना का फसली? दुर्गम जंगल, हिवताप, मजुरांची टंचाई आणि वाढत जाणारा खर्च ही कारणे होतीच. शिवाय १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. परंतु शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे कारण आणखी एक आहे. पावसाळ्यात ही नदी दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात खडक उघडे पडतात. लॉक हा असलेल्या पाण्याची पातळी राखतो, पण तो पाणी निर्माण करीत नाही.

अलीकडच्या काळातही या नदीने असाच धडा दिला आहे. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडिगड्डा बॅरेजला ८५ दारे आहेत. जून २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. धरलेले पाणी सोडून द्यावे लागले. दार कितीही मोठे असले तरी ते ज्यावर उभे आहे तो पाया आणि त्याची देखभाल यांवरच त्याचे काम अवलंबून असते.

सहलीचा काळ व प्रवास

सहलीसाठी जानेवारी-फेब्रुवारी हे महिने योग्य आहेत. आपल्याकडे धानाची मळणी आटोपलेली असते, नदीला पूर नसतो आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात रब्बी भातासाठी कालवे वाहत असतात. ऐन उन्हाळ्यात तेथील कालवे दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवले जातात, त्यामुळे त्या काळात जाणे टाळावे. जुलै ते सप्टेंबर हा पुराचा काळ असल्याने तेव्हाही जाऊ नये.

बल्लारशाहहून रेल्वेने विजयवाडा आणि तेथे गाडी बदलून राजमहेंद्री, असा प्रवास करता येतो. दक्षिण गडचिरोलीतील मंडळी सिरोंच्याहून रस्त्याने भद्राचलममार्गे जाऊ शकतात. जाण्या-येण्याचा वेळ वेगळा धरावा आणि लॉक व कालवे पाहण्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. तेथील पाटबंधारे कार्यालयास मंडळाच्या नावाने आधी पत्र पाठवून परवानगी व माहिती देणारा माणूस मागावा. सोबत तेलुगू जाणणारी व्यक्ती असावी. सिरोंचा, अहेरीकडील मंडळांना तिची उणीव पडणार नाही.

दिवसभरात काय पाहावे?

सकाळी : प्रथम बॅरेज पाहावे. कॉटनचा जुना बंधारा जीर्ण झाल्यानंतर १९७० ते १९८२ या काळात नवे बॅरेज बांधण्यात आले. त्यास कॉटनचेच नाव दिले आहे. त्याला १७५ दारे आहेत. बेटांमुळे नदीचे चार फाटे झाले असून बांधकामाचेही चार भाग आहेत. या एका कामावर सुमारे १० लाख एकर क्षेत्र अवलंबून आहे. जवळच कॉटन संग्रहालय आहे, तेही पाहून घ्यावे. नकाशावर तिन्ही मुख्य कालवे म्हणजे पूर्व, मध्य व पश्चिम नीट समजून घ्यावेत. म्हणजे पुढे पाहताना गोंधळ होत नाही.

दुपारी : कालव्याच्या मुखाशी जावे. येथे दोन वेगळी बांधकामे दिसतील. एक म्हणजे सिंचनाचे पाणी सोडणारे मुख्य दार आणि दुसरे म्हणजे नावांचा लॉक. दोन्हींचे काम वेगळे का ठेवले आहे, हे विचारावे. पूर्वी या कालव्यांतून भात, लाकूड, माल यांची मोठी वाहतूक चालत असे. पुढे रस्ते व रेल्वे यांमुळे ती मागे पडली. २००८ मध्ये गोदावरी, कृष्णा व त्यांना जोडणारे कालवे मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ जाहीर झाला. तरीही आपण जाऊ त्या दिवशी नाव पार होताना दिसेलच असे धरून चालू नये. हौद, दारे, झडपा आणि भिंतीवरील पाण्याच्या खुणा पाहिल्या तरी काम कसे चालते ते कळते.

तिसऱ्या प्रहरी : एखाद्या लहान फाट्याच्या शेपटाकडे जावे. हा भाग बहुतेक सहली टाळतात. वास्तविक तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तेथील शेतकऱ्यास विचारावे : ‘तुम्हाला पाणी किती दिवसांनी मिळते? ते कमी आले तर तुम्ही कोणाकडे जाता? दार कोणाच्या हाती असते?’ उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

वेळ उरल्यास राजमहेंद्रीजवळील कडियमच्या रोपवाटिका पाहाव्यात. परंतु त्या संध्याकाळसाठी ठेवाव्यात. सकाळीच तेथे गेल्यास रोपांच्या खरेदीत दिवस संपतो आणि कालवा राहून जातो.

नाव की पीक?

लॉक पाहताना एक हिशेब तेथेच उभ्याने करावा. समजा, हौद ४५ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे आणि पातळीतील फरक २ मीटर आहे. नाव एकदा पार करण्यास ४५ × ६ × २ = ५४० घनमीटर पाणी वरून खाली जाते. एक हेक्टर भात बांधीत ५ सेंटिमीटर पाणी उभे करण्यास ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे एक नाव एकदा पार झाली की एक हेक्टर धानाच्या एका पाण्याइतके पाणी खाली उतरते.

ते पाणी खालच्या फाट्यावरील शेतीस उपयोगी पडले तर वाया गेले असे होत नाही. परंतु पाणी थोडे आहे, पीक वरच्या भागात आहे आणि झडप ढिली आहे, असे झाले तर नुकसान कोणाचे होते हे सांगावयास नको. म्हणूनच लॉकवर झडप कोणी, केव्हा व किती वेळ उघडायची याची शिस्त असावी लागते.

आपल्या कालव्यावर या शिस्तीचा उपयोग

आपल्याकडे आसोला मेंढा, घोडाझरी, नलेश्वर यांसारखे इंग्रजी अमदानीतील तलाव आहेत. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचा सुमारे ९९ किलोमीटरचा उजवा कालवा सावली तालुक्यातील आसोला मेंढा तलावापर्यंत येतो. या कालव्यांवर लॉक नाहीत, कारण त्यांतून नावा न्यावयाच्या नाहीत. पण दारे मात्र आहेत, आणि पातळीचा नियम तोच आहे.

कालव्यावर ठिकठिकाणी आडवे दार असते. ते थोडे खाली सोडले की वरच्या बाजूची पातळी चढते आणि तेथील विमोचकास पूर्ण पाणी मिळते. त्या विमोचकाची पाळी संपताच आडवे दार उचलणे आवश्यक असते. ते तसेच राहिले तर खालच्या भागाची पातळी पडते. मग खालच्या विमोचकाचे दार पूर्ण उघडे असूनही त्यातून बोटभरच पाणी येते. शेपटाचा शेतकरी म्हणतो, ‘धरणात पाणी नाही.’ वस्तुस्थिती अशी असते की पाणी आहे, पण पातळी नाही.

काही ठिकाणी आडवे दार नसलेल्या जागी रात्री रेतीची पोती किंवा दगड टाकून पाणी तुंबवतात. हा म्हणजे नियम नसलेला लॉक होय. पोती टाकणाऱ्याची बांधी भरते, काठ खचतो आणि खालच्या दहा जणांच्या धानाला ताण पडतो. पोती टाकणारा नेहमी वाईट माणूस असतो असे नाही. पाळी केव्हा येणार हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो मिळेल तेव्हा घेतो. पाळीपत्रक ठरलेले आणि पाळलेले असेल तर पोत्यांची गरज उरत नाही.

हस्त-चित्रा नक्षत्रांत पाऊस उघडला की हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. त्या वेळी मध्यम व उशिरा येणारा धान गर्भावस्थेत किंवा निसवण्याच्या अवस्थेत असतो. या काळात ताण पडल्यास लोंबीत पोचट दाणे वाढतात आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ते भरून निघत नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) पोटरी, निसवणे व दाणे भरणे या अवस्थांत बांधीत सुमारे ५ सेंटिमीटर पाणी ठेवावे. त्याहून अधिक पाणी कोंडून ठेवण्यात फायदा नाही.

२) विमोचकातून सेकंदास ३० लिटर पाणी येत असेल तर २४ तासांत २,५९२ घनमीटर पाणी मिळते. कागदावर यात ५ हेक्टर भिजते. शेतचारीत एक तृतीयांश पाणी मुरले तर साडेतीन हेक्टरही भिजत नाही. म्हणून पाळीपूर्वी शेतचारीतील गवत व गाळ काढावा, फुटलेले धुरे बांधावेत.

३) एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी सोडताना वरची बांधी ५ सेंटिमीटर भरताच वाट उघडावी. ती काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये.

४) टंचाईच्या वर्षी पाळी शेपटाकडून सुरू करून माथ्याकडे आणावी. कालवा पूर्ण भरून वाहतो तेव्हाच शेपटास पातळी मिळते.

५) कापणीच्या सुमारे १० दिवस आधी बांधीतील पाणी काढून टाकावे.

हे एकट्याने होण्यासारखे नाही. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांना स्थान दिले असून पाणी वापर संस्थेस पाणी मोजून घेण्याची तरतूद आहे. परंतु संस्था नोंदली म्हणजे काम झाले असे नाही. दाराची किल्ली कोणाकडे, नोंदवही कोण लिहितो आणि शेपटाचा एक तरी शेतकरी समितीत आहे काय, हे पाहिले पाहिजे.

जाण्यापूर्वी घरी करावयाचा प्रयोग

सहलीपूर्वी शेतातील उतरत्या पाटात हातभर अंतरावर दोन फळ्या उभ्या बसवाव्यात. वरच्या फळीस वर उचलता येईल अशी फट ठेवावी, तशीच खालच्या फळीसही ठेवावी. दोन फळ्यांच्या मध्ये पळसाच्या पानाचा द्रोण सोडावा. वरची फट उघडून खालची बंद करावी, म्हणजे द्रोण चढेल. मग वरची बंद करून खालची उघडावी, म्हणजे द्रोण उतरेल. शेवटी दोन्ही फळ्या एकदम उचलून पाहाव्यात. द्रोण वाहून जाईल आणि पाटाचा काठही थोडा खचेल. गावातील शाळेच्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. पुढे दारे त्यांच्याच हाती येणार आहेत.

परत आल्यावर

सहलीहून आल्यानंतर आठ दिवसांच्या आत मंडळाची बैठक घ्यावी आणि आपल्या चारीवरील सर्व दारांची यादी करावी. प्रत्येक दारापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ते नीट उघडते-मिटते काय, ते कोणाच्या हाती आहे आणि ते उघडल्याने खाली कोणाची पातळी पडते. तिसऱ्या रकान्यात ज्या शेतकऱ्यांची नावे येतील, त्यांना बोलावल्याशिवाय पाळीपत्रक ठरवू नये.

धवळेश्वरमचा लॉक चालतो तो दुसरे दार उघडणारा माणूस पहिले दार मिटण्याची वाट पाहतो म्हणून. आपल्या कालव्यावरही माथ्याच्या शेतकऱ्याने आपले दार वेळेवर मिटले, तरच शेपटाच्या धानाला ऐन निसवणीत पाणी पोचेल.